दत्तूमामा आणि त्या दिवशीची किल्ली

दत्तूमामा,

तुम्हाला जाऊन आज तेवीस दिवस झाले. चौकात तुमच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला होता. त्यावर फोटोखाली 'मनमिळाऊ स्वभावाचे' असं छापलेलं वाचून मला भर रस्त्यात हसू आलं. हॉलचे पंखे वेळेवर बंद केले नाहीत, त्यांच्या खडखडाटात सुरुवातीचा आवाज गेला, एवढ्यावरून जो माणूस माझ्याशी चार दिवस बोलला नाही, तो म्हणे मनमिळाऊ! तुम्ही फ्लेक्स बघितला असता तर म्हणाला असता, "वैनी, ह्ये दुसऱ्याच कुण्या दत्तूचं लिवलेलं दिसतंय."

हसू आलं आणि लगेच आठवलं. तुमचा-माझा हिशोब अजून मिटलेला नाही, मामा. त्यात चूक कोणाची होती हे मला माहीत होतं आणि तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही जिवंत असताना ते सांगायला माझ्याकडे आठ महिने होते. सांगितलं नाही. आता सांगते आहे, तर तुमच्या खुर्चीत बसून, तुमच्याच केबिनमध्ये, पाठ दुखेपर्यंत.

मी केजच्या या टॉकीजवाल्यांच्या घरात सून म्हणून आले तेव्हा वरच्या केबिनमध्ये रिळं फिरत होती आणि तिथे ऑपरेटर म्हणून तुमचं राज्य होतं. बाईमाणसानं वर यायचं नाही, असा काही नियम नव्हता, पण तुम्ही दारातच असे उभे राहायचा की नियमाची गरजच नव्हती. मग रिळं गेली आणि सिनेमा चालवणारा सर्व्हर आला. तुम्ही त्याला कधी सर्व्हर म्हणाला नाहीत, डबा म्हणालात. डब्याबरोबर एवढं जाड इंग्रजी पुस्तक आलं. घरात ते वाचू शकणारी मी एकटी, म्हणून दादांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला वर पाठवलं. पहिल्या दिवशी तुम्ही मला बसायला उलटी बादली दिली होती. खुर्ची एकच आहे, असं म्हणालात. दुसरी खुर्ची दाराआड होती, ती मी येतानाच बघितली होती.

नंतर आपली वाटणी झाली. वाचायचं मी, ऐकायचं तुम्ही. सिनेमा आता हार्ड डिस्कवर यायचा, पण कुलूप लावून. तो उघडायला किल्ली लागायची. किल्ली म्हणजे मेलवर येणारी एक छोटीशी फाइल. ती ठरावीक तारखांनाच चालते आणि फक्त आपल्याच डब्याला लागते, शेजारच्या गावातल्या टॉकीजच्या डब्याला नाही. डब्याचा नंबर कळवला की त्या नंबरची किल्ली तयार होऊन येते. मेल बघून किल्ली पेनड्राइव्हवर घेऊन द्यायचं काम माझं. पेनड्राइव्ह डब्याला लावून किल्ली आत घालायचं काम तुमचं. पुस्तकात हे सगळं बारा पानांत लिहिलंय. तुम्ही एका वाक्यात सांगायचा, "त्येच्या घरची किल्ली, त्येच्याच कुलपाला."

तुमच्या कानाचं मात्र कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. तुमच्या गावी, युसूफ वडगावला, तुमच्या भावांची मेंढरं. लहानपणी कळपाकडे पाठ करून बसलो तरी कुठलं मेंढरू खोकलं ते सांगायचो, असं तुम्ही सांगायचा आणि मी मनातल्या मनात म्हणायचे, थापा. मग तेलगावचे ते गुरुजी आले. ऊसतोड कामगारांच्या मुलांवर त्यांनी स्वतः एक छोटा सिनेमा काढला होता आणि तो मोठ्या पडद्यावर बघायची त्यांची हौस होती. डब्यानं डिस्क दोनदा नाकारली. मी पुस्तक काढून डिस्क डब्याला चालेल अशी तयार केली, फाइल चढवली, सिनेमा सुरू झाला. पडदा उजळला आणि गुरुजींचे डोळे भरून आले. मी विजयी मुद्रेनं तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही भिंतीला कान लावून उभे.

"वैनी, गुरुजीला सर्दी झालीया का?"

"काय?"

"ह्यो आवाज गुरुजीचाच हाय ना? मग इतका जड कावून बोलायलाय? अन् पोरं बी. पोरं अशी बोलत न्हाईत."

मी तुम्हाला एक तासभर समजावलं की सगळं बरोबर आहे, पडद्यावर कुठेही चूक दाखवत नाही. खुद्द गुरुजी म्हणाले, माझा आवाज असाच आहे. तुम्ही खाली जाऊन गुरुजींना दोन वाक्यं बोलायला लावलीत आणि वर येऊन परत भिंतीला कान लावलात. घरी जाऊन मी पुस्तक उघडलं. गुरुजींच्या कॅमेऱ्यानं सेकंदाला पंचवीस चित्रं काढली होती आणि सिनेमाच्या हिशोबानं मी ती चोवीसनं चालवली होती. सगळा सिनेमा किंचित हळू झाला होता आणि हळू झाला म्हणून आवाज खाली गेला होता. शंभरातला चारचा फरक. शंभरातल्या नव्व्याण्णव माणसांना तो कळत नाही. दुसऱ्या दिवशी मी हे सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "म्हंजी सर्दी मशिनीला झाल्ती." माफी मागायची माझी वेळ होती, ती मी चहा पाजून भागवली. आमच्या घरात असंच भागवतात.

आवाज तपासायला कंपनीनं जी फाइल दिली होती, तिच्यात एक बाई इंग्रजीत बोलायची. आता डावीकडचा स्पीकर, आता मधला, असं काहीतरी. ती बाई तुम्हाला पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती. "ही बया काय सांगती ते मला कळत न्हाई, अन् मला काय ऐकायचंय ते हिला कळत न्हाई." तुम्ही माझ्याकडून फुकटातलं एक सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर टाकून घेतलंत, ते शिकायला दोन महिने घालवलेत आणि स्वतःचीच फाइल बनवलीत. काळा पडदा आणि तुमचा आवाज. डावा स्पीकर वाजताना "डावा", मधला वाजताना "मधला", मग "उजवा", "मागचा डावा", "मागचा उजवा". ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी पोट धरून हसले होते, कारण 'मागचा डावा' असं तुम्ही एखाद्या गुन्हेगाराला हाक मारावी तसं म्हटलं होतं.

गुडघे दुखायला लागल्यावर तुम्ही ती फाइल वेळापत्रकाला लावून टाकलीत. रोज सकाळी नऊला ती आपोआप सुरू व्हायची आणि तुम्ही जिना न चढता हॉलमध्ये वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसून ऐकायचा. मी अकराला यायचे. त्यामुळे ती पुन्हा कधी माझ्या कानावर पडली नाही.

आता त्या दिवसाकडे येते. टाळत होते, पण किती टाळणार.

खंडेनवमीच्या आधीच्या आठवड्यात डब्यातला मुख्य बोर्ड जळाला. छत्रपती संभाजीनगरहून इंजिनिअर आला, त्यानं नवा बोर्ड बसवला आणि नव्या नंबरचा स्टिकर डब्याच्या दारावर लावून गेला. नवा बोर्ड म्हणजे नवं कुलूप. किल्ल्या पाठवणाऱ्या सगळ्यांना नवा नंबर कळवायला हवा होता. तो कळवायचं काम माझं होतं. मी ते चार दिवस पुढे ढकललं आणि मधे खंडेनवमी आली. तुम्ही दरवर्षीसारखी सगळ्या यंत्रांची पूजा केलीत. प्रोजेक्टरला हार, अँप्लिफायरला फूल, डब्याला हळद-कुंकवाची बोटं. दुसऱ्या दिवशी मी मोबाइलच्या उजेडात स्टिकरवरून नंबर उतरवला आणि मेल करून टाकला. स्क्रीनवर दिसणाऱ्या नंबराशी ताडून बघा, असं पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे. मी पुस्तकवाली, आणि मीच ते केलं नाही.

दिवाळीचा सिनेमा. नवा बोर्ड बसल्यापासून तोवर टॉकीज बंदच होती, ही त्या नंबरची पहिलीच किल्ली. बाराचा शो. तेलगावकडून दोन जीप भरून माणसं आली होती आणि गेटवर पोरी नवे ड्रेस घालून रांगेत उभ्या होत्या. बारा वाजले, तुम्ही बटण दाबलं आणि डब्यानं सांगितलं, किल्ली लागत नाही. तुम्ही पेनड्राइव्ह काढून परत लावला. परत तेच. खाली शिट्ट्या सुरू झाल्या. मग कुणीतरी ओरडलं, "ए बे, बाईच्या हातात दिल्यावर आसंच व्हनार!" ते वाक्य मला वर केबिनमध्ये स्पष्ट ऐकू आलं, मामा. तुमचा कान नसूनसुद्धा.

मी जिना उतरून खाली आले. दादा लॉबीत खुर्ची टाकून बसलेले. त्यांनी वर मान करून एवढंच विचारलं, "चूक कुणाची?"

मी म्हणाले, "मामांची. जुनी किल्ली टाकली त्यांनी."

का म्हणाले? तुमच्या पेनड्राइव्हमध्ये जुन्या किल्ल्या साठलेल्या असायच्या, त्या पुसा म्हणून मी कितीदा भांडले होते. त्या क्षणी मला खरंच तसं वाटलं असेल. पण तेवढंच नव्हतं. सगळं गाव मी कधी चुकते याची वाट बघत होतं आणि मला त्यांना ते द्यायचं नव्हतं. तुम्ही माझ्या मागे जिन्यावर उभे होता. मला वाटलं होतं तुम्ही भांडाल. पंख्यासाठी चार दिवस अबोला धरणारा माणूस, यावर तर आभाळ डोक्यावर घेईल. तुम्ही हात जोडलेत.

"व्हय दादा. माझीच आसंल. पेनड्राइव्हमधी जुन्या किल्ल्या व्हत्या, त्यातलीच गेली आसंल."

माणसं परत पाठवली. तुम्ही केबिनमधल्या कॉम्प्युटरसमोर बसून पेनड्राइव्हमधल्या सगळ्या किल्ल्या पुसून टाकल्या, एकूण एक, म्हणजे कोणती टाकली होती हे बघायचीही सोय उरली नाही. मी नवी किल्ली मागवायला फोन केला. पलीकडच्या मुलीनं तिच्याकडचा नंबर वाचून दाखवला आणि विचारलं, बरोबर आहे ना? मी डब्यासमोर उभी होते. स्टिकरवर वाळलेलं कुंकू होतं. मी पदरानं ते पुसलं आणि ज्याला मी आठ समजले होते, तो तीन होता.

त्या मुलीला मी बरोबर नंबर सांगितला. किल्ली चारला आली, सहाचा शो लागला, हॉल भरला. तुम्ही त्या सगळ्या वेळात माझ्यापासून सहा पावलांवर होता. फोन ठेवल्यावर तुम्ही विचारलंत, "यील ना वैनी किल्ली?" मी म्हणाले, "येईल." त्याच्यापुढे अजून एक वाक्य बोलायला कितीसा वेळ लागला असता.

त्यानंतर तुम्ही बदललात. पेनड्राइव्ह लावायच्या आधी किल्लीवरची तारीख मोठ्यानं वाचायचा, मग मला वाचायला लावायचा. पंख्यावरून भांडणं बंद झालं. माझ्या आधी खुर्चीत बसणं बंद झालं. एकदा मी मुद्दाम आवाज जरा चढा ठेवला, म्हटलं आता तरी हा माणूस खेकसेल. तुम्ही म्हणालात, "तुमी म्हणताल तसं." मला तेव्हा तुमचा इतका राग आला! माझ्यावरचा राग होता तो, काढायचा होता तुमच्यावर.

सांगायचं दोनदा ठरवलं. एकदा चहा घेऊन आले तर तुम्ही गुडघ्याच्या डॉक्टरांची गोष्ट काढलीत आणि मला बरंच वाटलं. दुसऱ्यांदा तुम्हीच विषय काढलात. संक्रांत झाली होती, तिळगूळ देऊन झाल्यावर तुम्ही म्हणालात, "वैनी, त्या दिवाळीच्या दिसाचं माझ्या मनातून जायना. त्या दिशी म्या..."

मी तुमचं वाक्य तोडलं. "जाऊ द्या हो मामा. झालं गेलं. मी कधीच विसरले."

तुमचा चेहरा असा उजळला की मला तिथे उभं राहवेना. मी तुम्हाला माफ केलं होतं, मामा. माझ्याच चुकीबद्दल. आणि तुम्ही ती माफी दोन्ही हातांनी घेतलीत. 

मग एका सकाळी फोन आला की तुम्ही गेलात. अंगणात पाणी भरता भरता बसलात ते उठलाच नाहीत. मी वडगावला आले, लांब उभी राहिले, मामींसमोर जायची हिंमत झाली नाही.

नवा डबा यायचं तुम्ही जायच्या आधीच ठरलं होतं. जुन्या पद्धतीच्या फाइली आता येईनाशा झाल्या होत्या आणि नव्या जुन्या डब्याला झेपत नव्हत्या. तो येणार म्हणून तुम्ही थोडे रुसलाही होता. तुमच्या नवव्या दिवशी इंजिनिअर येणार होता, म्हणून मी साडेआठलाच टॉकीज उघडली. हॉलमध्ये झाडलोट झाली आहे का ते बॅटरीनं बघत होते. अंधारच होता. आणि पडद्याच्या डाव्या बाजूनं तुम्ही बोललात.

"डावा."

माझ्या हातातली बॅटरी पडली. मग बरोबर समोरून, "मधला." मी खुर्च्यांना अडखळत जिन्याकडे पळाले. पाठीमागून "उजवा" आलं, आणि जिन्याच्या तोंडाशी, अगदी कानामागे, "मागचा डावा". मी वर जाऊन दोन्ही हातांनी ते बंद केलं. फाइल पूर्ण होऊ दिली नाही. बंद केल्यावर लक्षात आलं की ती रोजच लागत होती. वेळापत्रक कोणी काढलंच नव्हतं. तुम्ही गेल्यापासून रोज सकाळी नऊला तुम्ही रिकाम्या हॉलमध्ये बोलत होता. आणि ज्या दिवशी ऐकायला कोणीतरी होतं, त्या दिवशी मीच तुमचं तोंड बंद केलं.

दुपारी इंजिनिअरनं नवा डबा बसवला आणि जुना गाडीत घालून नेला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम नऊला हॉलमध्ये जाऊन बसले. नऊ वाजून गेले. सव्वानऊ झाले. ती शांतता मला सोसली नाही. मी वर आले आणि तुमच्या कॉम्प्युटरवर 'दत्तू' नावाच्या फोल्डरात ती फाइल शोधून काढली.

नव्या डब्यानं ती घेतली, नाव दाखवलं, लांबीही दाखवली आणि चालवायला गेले तर अडून बसला. ही फाइल इथे चालत नाही. मी पुस्तक उघडलं. तुमची फाइल जुन्या पद्धतीची, त्यात तुम्ही ती सेकंदाला पंचवीसनं बनवलेली. हे लग्न कुठल्याच नियमात बसत नव्हतं. जुना डबा म्हातारा होता, चालवून घेत होता. नवा पोलिसासारखा. चार दिवस मी त्याच्याशी झटले. शेवटी सोपा मार्ग म्हणून ती चोवीसनं बनवली. लगेच चालली. मी हॉलमध्ये येऊन बसले आणि डावीकडून एक जड, थकलेला माणूस "डावा" म्हणाला. तो तुम्ही नव्हता. शंभरातला चारचा फरक, मामा, आणि मला पहिल्याच शब्दाला कळला. तुमच्याबरोबर इतकी वर्षं राहून माझाही कान तयार झाला होता, हे सांगायला आता कोण होतं. मी ती पुसून टाकली आणि परत पुस्तकात बसले. नवी पद्धत पंचवीसला परवानगी देते, असं मागच्या पानांत एका ओळीत सापडलं. तशी बनवली. चढवली. खाली येऊन मधल्या रांगेत बसले.

डावा. मधला. उजवा. मागचा डावा. मागचा उजवा. तुम्हीच होता, जसेच्या तसे, गुन्हेगाराला हाक मारणारे. मी रडत होते आणि मला बरं वाटत होतं. फाइल संपली असं समजून उठले, तर मधल्या स्पीकरमधून तुम्ही पुन्हा बोललात. हळू. मला कधीही माहीत नसलेलं.

"दत्तू, किल्ली बघ. तारीख वाच. परत वाच. मागं चुकलतास तू. आता चुकू नको."

मी खाली बसले. तुम्ही दिवाळीनंतर ती फाइल नवीन केली होती. रोज सकाळी नऊला, सगळ्यांच्या आधी येऊन, तुम्ही स्वतःच्याच तोंडून स्वतःला हे ऐकवत होता. माझी चूक. आठ महिने. रविवारीसुद्धा.

तुमच्या तेराव्याला मी वडगावला आले होते तेव्हा मामींनी माझा हात धरून विचारलं होतं, "त्येंचा आवाज तुमच्या मशिनीत हाय म्हणं. मला एकडाव ऐकवा, बाई." मी हो म्हणून आले होते. आता त्या येणार होत्या. आणि ती शेवटची वाक्यं कापायला मला दहा मिनिटं पुरे होती.

मी कापली. मामींना त्रास कशाला, असं मी स्वतःला सांगितलं. माझ्या डोक्यात अशी कारणं तयारच असतात.

मामी परवा आल्या. मी त्यांना मधल्या रांगेत बसवलं, तुम्ही ऐकायला बसायचा त्यातल्या एका खुर्चीत. वर जाऊन बटण दाबलं आणि खाली त्यांच्याशेजारी येऊन बसले. तुमचा पहिला शब्द आला तसा मामींनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, तुम्ही घरात आल्यावर ओढत असतील तसा. पाच शब्द झाले. काळा पडदा तसाच राहिला.

"यवढंच?"

"हो मामी. एवढंच."

"न्हाई बाई. घरी मोबाइलात म्हणलं तवा शेवटाला आजून व्हतं. म्या करडं धरून बसलते ना, त्येंनी मधी वरडू नये म्हून. शेवटाला सोताशीच कायतरी बोलले व्हते. म्या इचारलं, कुणाला बोलायलाव? तर म्हणले, एका येड्याला."

मी उठले. वर गेले. पूर्ण फाइल चढवली आणि पहिल्यापासून लावली. या वेळी खाली आले नाही, केबिनच्या खिडकीतून बघत राहिले. तुमचं बोलणं संपलं. मग मी खाली जाऊन त्यांच्या पायापाशी फरशीवर बसले आणि सगळं सांगितलं. कुंकू, तीनचा आठ, लॉबी, फोन, संक्रांत. काही सोडलं नाही. शेवटची वाक्यं कापली होती, तेही सांगितलं.

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी पडद्याकडे बघत डोक्यावरचा पदर मागे सारला. मग म्हणाल्या, "जेवताना ताट म्होरं ठिवून म्हणायचे, माझ्यापायी पोरीला लोकात खाली बघावं लागलं. लेकीसारखी पोर. म्या म्हणायचे, जेवा की आता. तर म्हणायचे, न्हाई गं, लई वंगाळ झालं माझ्या हातून."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी सोडवून घेतले नाहीत आणि मला उठवलंही नाही.

"खरं सांगितलंस, बरं केलंस," त्या म्हणाल्या. "पर बाई, आता ह्ये म्या घरी जाऊन कुणाला सांगू?"

 त्या चहा न घेता गेल्या. संध्याकाळी मी दादांना लॉबीत, लोकांदेखत सांगितलं की दिवाळीची चूक माझी होती. ते म्हणाले, "आता काय उपयोग?" तेही बरोबर बोलले.

उपयोग नाही, मामा. तरी मामींना जे घरी जाऊन सांगता आलं नाही, ते मी इथे लिहिते. त्या दिवशी तुम्ही मी दिलेलीच किल्ली टाकली होती. नंबर मी चुकवला होता. आणि मला ते त्याच दुपारी कळलं होतं.